दाढांची रांगोळी

शेजारच्यांच्या गॅरेजवर पत्रा आहे आणि त्या पत्र्यावर आमच्या कडुलिंबाची फांदी आलेली आहे. उन्हाळा सरत आला की निंबोळ्या पिकतात आणि दुपारच्या सामसुमीत मधूनच एखादी पत्र्यावर पडते. टण्ण. बायको पेपरातून मान वर न काढता म्हणते, "दचकताय काय, निंबोळी आहे." खरं तर मी दचकत नाही, हसतो. पण माझ्या वयाचा माणूस एकटाच हसताना दिसला की घरचे त्याच्या गोळ्या तपासायला लागतात. म्हणून मी दचकल्याचं सोंग करतो. ते जास्त शोभतं.

याच दिवसांत शेजारची मुक्ता आमच्या ओट्यावर येऊन बसते. तिला यंदा परदेशात डेंटलला जायचं आहे. मी आयुष्यभर दातांचाच डॉक्टर, त्यामुळे तिच्या मुलाखतीचा सराव माझ्याकडे लागला आहे. तिचे कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये असतात, प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टी. तिच्या फोटोतसुद्धा तिचा आत्मविश्वास इस्त्री केलेला दिसतो. परवा तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी अर्ज भक्कम व्हायला काय काय लागायचं?"

"आरसा," मी म्हणालो, "रांगोळीचा दगड आणि झोपलेले वडील."

तिने वही मिटली आणि माझ्याकडे काळजीने पाहिलं.

पण मी खोटं बोललो नव्हतो. पासष्टची लढाई संपल्यानंतरचा तो उन्हाळा. आम्ही नगरजवळ भिंगारला राहायचो. छावणीच्या बाजूने रणगाड्यांची घरघर अजून यायची आणि ती आली की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांशी कुजबुजायची. साखर रेशनची होती, रॉकेल रेशनचं होतं, ऊन तेवढं मुबलक होतं. पुण्यात इंटर सायन्सला बसून मी नुकताच घरी आलो होतो. मेडिकलला लागतात तेवढे मार्क मला पडणार नाहीत हे मला पेपर लिहितानाच कळलं होतं. परीक्षकांना कळायला थोडा वेळ लागला, इतकंच.

दातांचा डॉक्टर व्हायचं मी का ठरवलं, हे मी मुलाखतीत कधीच खरं सांगितलेलं नाही. आता सांगतो. पुण्यात एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मित्राबरोबर गेलो होतो. तिथे पायाने दांडा दाबला की वर जाणारी खुर्ची होती. मित्राच्या किंकाळ्या मला ऐकूच आल्या नाहीत. मी खुर्ची पाहत होतो. अशी खुर्ची आपल्या मालकीची हवी, एवढ्या एका उदात्त हेतूने मी मानवजातीच्या मुखाकडे वळलो.

वडील, म्हणजे आबा, शाळेत संस्कृत शिकवायचे. घराणं भिक्षुकीचं, आबांनी भिक्षुकी सोडली होती पण सोवळं सोडलं नव्हतं. उष्ट्याचा त्यांना भारी तिटकारा. वहीचं पान उलटताना बोटाला थुंकी लावणारा मुलगा त्यांच्या वर्गात टिकला नाही. आणि त्यांचे स्वतःचे दात म्हणजे अख्ख्या भिंगारचं भूषण. रोज सकाळी बदामाच्या सालींची राखुंडी लावून अंगणात घासत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत. ऊस सोलायला कोयता लागत नाही मला."

त्यांना मी माझा बेत सांगितला तेव्हा ते ताटावर होते. घास हातातच राहिला.

"दात उपटायला कॉलेज?" आबा म्हणाले. "बाजारात फडकं पसरून दातवाला बसतो, तो कुठल्या कॉलेजात गेला होता?"

"आबा, ते शास्त्र आहे आता."

"असेल. पण लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालून पोट भरायचं? आपल्या घरात?"

आई वाढत होती. तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं. "लग्न झाल्यापासून मी तुमची उष्टी ताटं उचलते आहे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "मला कुठं कोणी कॉलेजात घातलं? त्याला निदान सर्टिफिकेट तरी मिळेल."

आबांनी उरलेला भात मुकाट्याने संपवला. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "एक वर्ष. यंदा जागा मिळाली तर जा. नाहीतर मामांनी कचेरीत शब्द टाकून ठेवलाय, तिथे बसायचं. मग पुन्हा दात म्हणून माझ्यासमोर काढायचे नाहीत."

म्हणजे सगळा जन्म मुंबईच्या डेंटल कॉलेजच्या त्या एका अर्जावर आला. एकीकडे वरखाली होणारी खुर्ची, दुसरीकडे कचेरीतली न हलणारी.

मग मी अर्ज भक्कम करायला घेतला. भक्कम म्हणजे वजनदार, असा माझा समज. चारित्र्याचे दोन दाखले मागितले होते. मी सापडेल त्याच्याकडून घेतले. शेजारच्या पेन्शनर सुभेदारांनी लिहून दिलं, "मुलगा चांगला पळतो. हुकूम ऐकतो. माझ्या देखत काही चोरलेले नाही." तोही जोडला. फोटो काढायला गेलो तर फोटोवाला म्हणाला, तोंड मिटा. मी म्हटलं, दातांच्या कॉलेजला पाठवायचाय, दात दिसले पाहिजेत. त्याने खांदे उडवले. फोटो हातात आला तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, हा कुणावर धावून जातोय?" दुसरा काढायला पैसे नव्हते. तोच गेला.

पाकीट तयार झालं, आबांनी संमतीची सही केली, मी तिकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली, आणि आबा ओरडले, "थांब! उष्टं पाकीट पाठवतोस त्यांना?" भांड्यातून पाणी आणवून त्यांनी स्वतःच्या बोटाने तिकीट ओलं केलं. माझा अर्ज बहुधा त्या कॉलेजच्या टेबलावर आलेला सर्वांत सोवळा अर्ज असावा.

खरी अडचण पुढेच होती. मुलाखतीला येताना उमेदवाराने हातकामाचा नमुना आणावा, असं कळवलं होतं: दाढेची प्रतिकृती, दुप्पट आकारात, स्वतः कोरलेली. माध्यम कोणतंही. साबण कोरावा तर तो रेशनचा, आईने कुलपात ठेवलेला. खडू हातातच मोडायचा. मग मला शिरगोळा सुचला. रांगोळी कांडायचा तो पांढरा मऊ दगड बाजारात टोपलीने मिळायचा. चाकूने छान सुटायचा. मी ओट्यावर बसून कोरू लागलो.

त्या दिवसांची मला आजही सगळ्यात आधी आठवते ती पांढरी भुकटी. नखांत, भुवयांत, आमटीत. दुपारच्या झळा अंगणातून थेट ओट्यावर यायच्या, दूर डोंगरावरचा चांदबिबीचा महाल उन्हात हलल्यासारखा दिसायचा आणि माझ्या मांडीवर एकेक दाढ जन्म घेऊन लगेच वारायची. कधी मूळ तुटायचं, कधी माथा. एक तर हुबेहूब गणपतीसारखी झाली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं. बाकीच्या फसलेल्या दाढा ती खलबत्त्यात कांडायची. त्या उन्हाळ्यात आमच्या दारात रोज सकाळी दाढांची रांगोळी असायची. कमळ, शंख, गोपद्म, सगळं माझ्या अपयशातून काढलेलं. बायका येताजाता थांबून म्हणायच्या, "काय हो, यंदा रांगोळी एवढी शुभ्र?" आई म्हणायची, "दिनू घरी आहे ना."

फसण्याचं कारण साधं होतं. मी दाढ नीट पाहिलीच नव्हती. तोंडात जन्मभर बाळगतो ती वस्तू, पण कोरायला बसलो तर तिला उंचवटे किती नि खाचा कुठं, काही ठाऊक नाही. स्वतःची दिसेना. आईला म्हटलं तोंड उघड, तर तिला हसू आवरेना. नमुनाच बघायचा तर भिंगारच्या भूषणाचाच का नको, असं मनात आलं. पण आबांना आ करा म्हणण्याची माझी छाती नव्हती.

इथे युसूफचा प्रवेश होतो. युसूफ माझा शाळेपासूनचा दोस्त, आबांचाच विद्यार्थी. त्याच्या वडिलांचं बाजारात आरशांचं आणि तसबिरींचं दुकान. त्याने आरशाचा एक गोल तुकडा कापून टिनच्या चमच्याच्या दांड्याला लाखेने चिकटवून दिला. पण आबांच्या तोंडात उजेड कुठून आणायचा?

"त्यात काय हाय?" युसूफ म्हणाला. "दुकानातला मोठा आरसा आनतो. अंगनात उभा राहतो न् खिडकीतून ऊन मारतो आत. गुरुजी दुपारी आ वासून झोपतात, सगळ्या शाळेला ठावं हाय."

आमच्या घरात युसूफने अंगणापर्यंतच यायचं, असा आबांचा नियम होता. पण त्याने पाठवलेल्या उजेडाला कुठलाच नियम लागू नव्हता.

"पन एक सांगतो दिन्या," तो म्हणाला, "गुरुजींनी डोळं उघडलं तर मी पळनार. तू तुझं बघ."

आमरसाचं जेवण झालेलं. आबा चटईवर उताणे. घोरण्याने मिशा थरथरताहेत. आई शेजारी कुरडया घालायला गेलेली. मी चमचा घेऊन उशाशी बसलो. अंगणातून उजेडाचा गोळा आत आला आणि आधी देव्हाऱ्यावर गेला. मग कॅलेंडरवर. मग मांजरावर, मांजर उठून गेलं. मग आबांच्या जानव्यावरून हळूहळू वर सरकत हनुवटीवर आला आणि अखेर तोंडात शिरला. मी श्वास रोखून आरसा आत धरला. वरच्या जबड्यातली, उजवीकडची मोठी दाढ. उंचवटे, खाचा, कडा, सगळं लख्ख. आणि मधोमध एक खोलगट, काळसर सुरेख खड्डा. एवढा खड्डा असतो दाढेला? म्हणजे इतके दिवस मी खड्ड्याशिवाय कोरत होतो! तरीच त्या जमत नव्हत्या!

तेवढ्यात युसूफला बहुधा माशी चावली. उजेड उडाला तो थेट आबांच्या मिटल्या पापण्यांवर.

"कोण आहे? कोण आहे रे?" आबा ताडकन उठून बसले. बाहेर युसूफ आरसा डोक्यावर घेऊन पळत सुटला, आणि गल्लीतल्या भिंतींवरून उजेडाचा एक भला थोरला तुकडा उड्या मारत त्याच्याबरोबर गेला. हातात चमचा घेतलेला मी तेवढा उरलो.

मार बसणार याची खात्री होती. पण आबांनी उजव्या गालावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "तोंडात पाहिलंस?"

"हो."

"काय दिसलं?"

"दाढ. एकदम नमुनेदार आहे, आबा."

त्यांनी उशी सारखी केली. मग "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले. मला वाटलं, स्तुतीने विरघळले.

त्यानंतरची दाढ मात्र जमली. डोळे मिटले की दिसायची आणि उघडले की हाताखाली उतरायची. तीन मुळं, चार उंचवटे, आणि मधला तो खड्डा. खड्ड्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. त्याच्या कडा खालून कशा पोखरल्यासारख्या जातात, तेही कोरलं. आईने ती कापसात गुंडाळून तिच्या लाकडी कुंकवाच्या करंड्यात ठेवली, आणि मी दौंडला गाडी बदलून मुंबईला गेलो. करंडा रात्रभर उराशी.

मुलाखतीला तीन जण होते. माझ्या आधीच्या मुलांनी मेणाच्या, प्लॅस्टरच्या गुळगुळीत दाढा आणल्या होत्या. एकाची तर हस्तिदंताची होती. मी करंडा उघडला. आत कुंकू उरलेलं होतं हे आई विसरली होती, नि मीही. माझ्या दाढेची मुळं लालभडक झाली होती.

डावीकडचे गृहस्थ दचकले. "हे काय, रक्तसुद्धा?"

मधले म्हातारे प्रोफेसर उठले. त्यांनी दाढ उचलली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सारला. इंग्रजीत विचारलं, "कोणती?"

"अपर राइट, सर."

"ही डावी आहे."

"नो सर. राइट सर. आय सॉ सर. माय फादर, सर... माय फादर इज बेस्ट टूथ इन अहमदनगर."

तिघेही हसले. मला कचेरीतली खुर्ची दिसू लागली. म्हातारे प्रोफेसर मात्र हसता हसता थांबले आणि मराठीत म्हणाले, "आरशातून पाहिलीस ना? म्हणून उजव्याची डावी झाली. या सगळ्या मुलांनी पुस्तकातलं चित्र कोरलं आहे. तू खरीखुरी दाढ पाहून कोरलीस."

माझी मान ताठ झाली.

"पण हा खड्डा का कोरलास?"

"तो असतोच ना, सर?"

"नसतो," ते म्हणाले. "ही दाढ आतून पार किडली आहे. हा गृहस्थ त्या बाजूने चावत नसणार. रात्री झोपत नसणार. तुला कधी बोलला नाही?"

मुलाखत पुढे चालली असेल. काय विचारलं, काय सांगितलं, आठवत नाही. मला एकामागून एक दिसत होतं ते वेगळंच. यंदा घरात ऊस आला नव्हता. आबांच्या गालात सदा लवंग असायची. शिकवताना आवाज मोकळा राहतो म्हणायचे. ते सगळं डाव्या बाजूने चावत होते. आणि तो गालावरचा हात. काय दिसलं, म्हणून विचारलं होतं त्यांनी, आणि मी सांगितलं होतं: नमुनेदार.

उठताना प्रोफेसर म्हणाले, "तुला जागा मिळो न मिळो, त्यांना घेऊन ये."

करंड्यासकट घरी पोचलो तेव्हा आबा अंगणात होते, हातात राखुंडी.

"काय म्हणाले?"

"दाढ आवडली त्यांना."

"आवडणारच."

"पण किडलेली आहे म्हणाले."

आबा चूळ भरायचं विसरले. "कुणाची ते सांगितलंस?"

"नाही," मी म्हणालो. आयुष्यातलं माझं पहिलं वैद्यकीय गुपित मी असं पाळलं. बेस्ट टूथ वगैरे बोललो होतो ते इंग्रजीत, त्यामुळे ते मोजलं नाही.

निवडीचं कार्ड आलं त्या दिवशी आईने दारात भली मोठी रांगोळी घातली. सूर्य, कमळ, शिवाय चारी कोपऱ्यांत मोर. एवढा शिरगोळा कुठून आला म्हणून पाहिलं तर करंडा रिकामा. "अरे, तीच तर उरली होती," ती म्हणाली. "मला काय माहीत ती पास झालेली होती." माझ्या हातून त्यानंतर पुष्कळ दाढा गेल्या, पण इतक्या सगळ्यांनी ओलांडून जपलेली ती एकच.

फी भरायला आबा स्वतः माझ्याबरोबर मुंबईला आले. कॉलेज तरी पाहू म्हणाले. काही न सांगता सवरता ते त्या खुर्चीत जाऊन बसले, आणि प्रोफेसरांनी पायाने दांडा दाबून माझ्या जन्मदात्याला वर उचललं. मी खुर्चीकडे पाहिलं नाही. आबांचं लक्ष प्रोफेसरांच्या हातांकडे होतं. ते हात साबणाने कोपरापर्यंत धुतले गेले, पुन्हा धुतले गेले. चिमटे उकळत्या पाण्यातून निघाले. धुतलेल्या हाताने प्रोफेसरांनी दारालासुद्धा शिवलं नाही, नोकराने उघडलं. काम झाल्यावर पुन्हा धुणं सुरू.

आबा बोळा दाबून गाडीत बसले ते कल्याण जाईपर्यंत बोलले नाहीत. मग बोळा काढून एवढंच म्हणाले, "तो मनुष्य माझ्यापेक्षा सोवळा आहे."

भिंगारला पोचल्यावर त्यांनी धोतराच्या कनवटीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत ती दाढ. अंगणात आई होती, मी होतो, खबर काढायला आलेला युसूफ होता. लहान मुलाचा दुधाचा दात पडला की तो छपरावर टाकतात. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, हात मागे नेला आणि दाढ आमच्या पत्र्यावर भिरकावली. टण्ण. मग घरंगळण्याचा बारीक आवाज. मग काही नाही.

आईने पदर तोंडात कोंबला.

"गुरुजी, मागनं राहिलं की," युसूफ म्हणाला. "उंदीरमामाला सांगायचं असतंय, जुना घे न् नवा दे."

आबा पत्र्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले. ते मराठीत होतं की संस्कृतात, कुणाला कळलं नाही. मग सुजलेल्या गालाने माझ्याकडे वळले. "येईल का रे नवी?"

तो प्रश्न त्यांनी मला विचारला होता. दातांबद्दल. मला.

"पहिलं वर्ष होऊ द्या," मी ऐटीत म्हणालो, "मग सांगतो."

"होऊ दे," आबा म्हणाले. आणि अंगणातच उभ्या राहिलेल्या युसूफला म्हणाले, "तू काय उन्हात तापतोस? ओट्यावर ये. आरसा आणला नाहीस ना?"

पहिलं वर्ष झालं, सगळी वर्षं झाली. उत्तर मला कळलं; आबांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

परवा मुक्ता समोर बसली होती. फोल्डर मांडीवर, पाठ ताठ, उत्तरं पाठ. मी तिला विचारलं, "तू कधी कुणाच्या तोंडात नीट पाहिलंयस?" ती विचारात पडली. तेवढ्यात शेजारच्या पत्र्यावर काहीतरी पडलं.

"काय पडलं, आजोबा?"

"दाढ," मी म्हणालो. आणि बायको पाहत असूनही मोकळेपणाने हसलो.